व्याह्यांच्या गावचा कोनी डॉग: डेट्रॉईटच्या जुन्या दुकानात जायचं कसं

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल.

लेकीचं सासर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईटचं. जावयाचे आजोबा मोटारीच्या कारखान्यात, वडील मोटारीच्या कारखान्यात, आणि मीही चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत उभा जन्म काढलेला. त्यामुळे व्याह्यांशी पहिल्या भेटीतच जमलं. आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे पोचल्यावर तिसऱ्या दिवशी लेक ऑफिसच्या कामासाठी डाउनटाउनमध्ये गेली, जाताना आम्हालाही घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, दोन तास इथेच फिरा, भूक लागली तर काहीतरी खाऊन घ्या." भूक लागली. समोर कोपऱ्यावर लाल-पांढऱ्या-निळ्या रंगाचं, त्रिकोणी, झगमगीत दुकान दिसलं. 'अमेरिकन कोनी आयलंड', म्हणजे कोनी डॉगचं दुकान: पावात सॉसेज, वर 'चिली' म्हणजे खिम्याचा ओलसर रस्सा, मोहरीचा सॉस आणि कांदा. शिरलो, खाल्लं, आवडलं, फोटो काढून दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

व्याह्यांचं उत्तर आलं: "अरेरे. एक दार पुढे जायचं होतं."

एक दार पुढे आहे 'लाफायेट कोनी आयलंड'. या घराच्या तीन पिढ्या तिथे खातात आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. मी लेकीच्या सासरच्या गावात जाऊन नेमका दुसऱ्या पक्षात जेवून आलो होतो, वर फोटोही पाठवला होता. जावईबापू हसून लोळले. विहीणबाईंनी "जाऊ द्या हो, त्यांना काय माहीत" म्हणून सांभाळून घेतलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

पहिलं काम: घर कुठल्या दुकानाचं, ते विचारा

हॉटेलात जायच्या आधी ही दोन दुकानं काय प्रकार आहे ते समजून घ्या. ग्रीसमधून आलेले केरोस बंधू. थोरल्या गस्टने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे हॉट डॉग विकायला सुरुवात केली. 'अमेरिकन'वाले १९१७ हे साल मिरवतात. भाऊ बिल नंतर आला. पुढे भावाभावांचं फाटलं आणि भिंतीला भिंत लावून दोन दुकानं झाली. कारण काय, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. आपल्याकडे भाऊबंदकीत बांधावरून भांडतात, इथे हॉट डॉगवरून. 'मूळ दुकान, आमची कोठेही शाखा नाही' अशा पाट्या वाचत मोठे झालेल्या पुणेकराला हे समजावून सांगायला लागत नाही.

आज 'अमेरिकन' केरोस कुटुंबाच्याच हातात आहे. 'लाफायेट' मात्र १९९१ मध्ये तिथल्याच कामगारांनी विकत घेतलं. म्हणजे रक्ताचा वारसा एकीकडे आणि हाताचा वारसा दुसरीकडे. दोघांचाही दावा खरा, म्हणून वाद संपत नाही.

तर प्रश्न असा विचारायचा: "तुम्ही लहानपणी कुठे जायचात?" चांगलं कुठलं, असं विचारू नका. त्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं. पहिल्या प्रश्नाला अर्धा तास मिळतो. आमच्या व्याह्यांनी सांगितलं की त्यांचे वडील दुसऱ्या पाळीहून सुटले की मध्यरात्रीनंतर इथे यायचे, आणि शनिवारी सकाळी मुलांना घेऊन पुन्हा यायचे. बापाबरोबर बाहेरचं खाणं म्हणजे एवढंच. मला आमच्या कारखान्याच्या फाटकासमोरची वडापावची गाडी आठवली, आणि तिथून पुढे आमच्यात दुभाष्याची गरज उरली नाही.

हे पाळीचं प्रकरण महत्त्वाचं आहे. फोर्डची सरकती जुळणी-साखळी १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सुरू झाली, आणि जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. जगभरातून माणसं लोटली. अशा माणसाला स्वस्त, गरम, पोटभर आणि दहा मिनिटांत खाऊन होईल असं काहीतरी हवं होतं. ग्रीकांनी ते दिलं. नाव मात्र घेतलं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचं, जिथे समुद्रकाठच्या जत्रेत पावातलं सॉसेज आधीच गाजलेलं होतं. म्हणून डेट्रॉईटमध्ये 'कोनी' म्हटलं की पदार्थही आणि दुकानही. उपनगरात प्रत्येक चौकात एक कोनी असतं. पण घरातली वडीलधारी मंडळी 'आज डाउनटाउनला जाऊ' म्हणतात तेव्हा ती या दोन दारांपैकी एकाबद्दल बोलत असतात.

दुसरं: खाण्याचं आधी बोला, टेबलावर नको

आपल्या घरांत सगळ्यात नाजूक जागा हीच. म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. कोनीवरच्या चिलीत गोमांसाचा खिमा असतो. सॉसेजही मांसाचंच, आणि त्याचं आवरण बहुधा मेंढीच्या आतड्याचं. 'वरचं काढून द्या' म्हणून भागत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी यजमानांना आदल्या दिवशी, घरी, शांतपणे सांगावं. मुलीवर किंवा सुनेवर ते काम ढकलू नका, तिची उगाच ओढाताण होते. एक वाक्य पुरतं: "आम्ही हे खात नाही, पण तुमच्याबरोबर यायला फार आवडेल."

आमची ही शाकाहारी. 'अमेरिकन'मध्ये तिने ग्रीक सॅलड घेतलं. 'लाफायेट'ची यादी आखूड आहे, तिथे तिने बटाट्याच्या फ्राइज घेतल्या, आणि वाफवलेल्या नुसत्या पावात पिवळी मोहरी आणि कच्चा कांदा भरून मागितला. वेटरने भुवईसुद्धा उंचावली नाही. कांदा थोडा जास्तच घातला. फ्राइज कशात तळतात हे ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांनी विचारून घ्यावं. विचारल्यावर सांगतात, न विचारता कोणी सांगत नाही.

मी काय खाल्लं ते विचारू नका. पुढे चवीचं लिहिणार आहे, त्यावरून कळेलच.

तिसरं: दिवस निवडा

साधा कामाचा दिवस आणि दुपारी दोननंतरची वेळ उत्तम. बारा ते एक ऑफिसवाल्यांची झुंबड असते. पूर्वी ही दुकानं रात्रभर चालायची, त्या आठवणीवर विसंबून मध्यरात्री जाऊ नका. वेळा बदलल्यात, त्या दिवशीची वेळ फोन करून किंवा नकाशावर बघून घ्या.

बेसबॉल किंवा फुटबॉलचा सामना असेल तर शहराचा चेहराच वेगळा असतो. कोमेरिका पार्क आणि फोर्ड फील्ड ही दोन्ही मैदानं डाउनटाउनमध्येच आहेत. थँक्सगिव्हिंग सणाच्या गुरुवारी तर सकाळी वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून मिरवणूक निघते, ही प्रथा १९२४ पासूनची. दुपारी लायन्स संघाचा सामना, तो १९३४ पासूनचा. त्या दिवशी कोनीसमोरची रांग म्हणजे आपल्याकडची गणपतीतली रांग. यजमानांची तीच परंपरा असेल तर जरूर जा, पण ज्यांना उभं राहवत नाही त्यांना घरी ठेवा. आणि नोव्हेंबर ते मार्च कानटोपीशिवाय बाहेर पडायचं नाही. नदीवरून येणारा वारा महाबळेश्वरच्या मापाचा नाही.

चौथं: पोचायचं कसं, आणि कॅनडात कसं जायचं नाही

दोन्ही दुकानं वेस्ट लाफायेट बुलेवार्डवर, मिशिगन ॲव्हेन्यूच्या तोंडाशी आहेत. ११४ नंबर 'अमेरिकन', ११८ 'लाफायेट'. कॅम्पस मार्शियस हा मधला चौक तिथून चार-पाच मिनिटं चालत. विमानतळ साधारण ३० किलोमीटरवर. तिथून थेट येणार असाल तर सामान गाडीत उघड्यावर दिसेल असं ठेवू नका, हा नियम कुठल्याही मोठ्या शहराचा.

आपली बहुतेक मराठी मंडळी ट्रॉय, नोव्हाय, कँटन या उपनगरांत राहतात, म्हणजे गाडीनेच येणं होतं. रस्त्याकडेला गाडी लावली तर पैसे 'पार्क डेट्रॉईट' या ॲपवरून भरता येतात. गाडीचा नंबर आणि खांबावर लिहिलेला विभागाचा आकडा लागतो. आजोबांना गाडीत बसवून 'दोनच मिनिटं' म्हणणं इथे चालत नाही. गाडी जरा लांब लावायची तयारी असेल तर पीपल मूव्हर ही उंचावरून गोल फिरणारी छोटी गाडी आहे. १९८७ पासून चालते, एकाच दिशेने फिरते, १३ थांबे आहेत. नातवंडांना कोनीपेक्षा तीच जास्त आवडते.

आता खरा इशारा. डेट्रॉईटमधून कॅनडा दक्षिणेला लागतो. हो, दक्षिणेला. नदीपलीकडे दिसतं ते विंडसर शहर. तिकडे जाणारा ॲम्बॅसडर पूल १९२९ चा आणि नदीखालचा बोगदा १९३० चा, आणि दोन्हींकडे जाणाऱ्या मार्गिका डाउनटाउनच्या रस्त्यांत इतक्या बेमालूम मिसळल्यात की एक पाटी चुकली की माणूस सीमेवर. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आलेल्या आईवडिलांकडे कॅनडाचा व्हिसा नसेल तर तिथल्या खिडकीवर खुलासे देत बसावं लागतं. 'ब्रिज टू कॅनडा' किंवा 'टनेल टू कॅनडा' दिसलं की मार्गिका बदला. चालवणारा बोलण्यात गुंगलेला असतो, म्हणून शेजारी बसलेल्याने हे काम घ्यावं. आमच्या गाडीत ते खातं माझ्याकडे होतं.

पाचवं: आत शिरल्यावर

'लाफायेट' लांबट आणि अरुंद आहे. एका बाजूला काउंटर आणि गोल स्टुलं, दुसऱ्या बाजूला साधी टेबलं. सजावट जवळपास नाही. कोणी येऊन तुम्हाला जागेवर नेऊन बसवत नाही. रिकामी जागा दिसली की बसायचं, गर्दी असेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावरही. इराण्याच्या हॉटेलात ज्यांचं तारुण्य गेलंय त्यांना हे आपोआप जमतं. शक्य असेल तर पुढच्या बाजूला बसा, तव्यावरचं काम दिसतं.

काम बघण्यासारखंच आहे. तव्यावर सॉसेजच्या रांगा, बाजूला वाफेत मऊ झालेले पाव. पाव तळहातावर, त्यात सॉसेज, वर पळीभर चिली, मोहरीचा एक फराटा, बारीक चिरलेला कांदा मूठभर. एकेक कोनी काही सेकंदांत. मग वेटर त्या प्लेटा मनगटापासून खांद्यापर्यंत हातावर रचतो आणि चालू लागतो. मी उत्पादन विभागात होतो, त्यामुळे न राहवून मोजलं. एका हातावर आठ. व्याही म्हणाले, "ही शहरातली सगळ्यात जुनी जुळणी-साखळी." ते गमतीने म्हणाले, पण मला पटलं.

ऑर्डर देताना लांबण लावू नका. मेनूकार्ड वाचत, 'यात काय असतं, त्यात काय असतं' असा पुणेरी तपास करायची ही जागा नव्हे. 'टू, एव्हरीथिंग' म्हणजे दोन कोनी, चिली-मोहरी-कांदा सगळं घालून. कांदा नको असेल तर 'नो अनियन'. नुसता 'वन' मागितलात तर तुम्ही पाहुणे आहात हे कळतं. 'लूज' मागितलंत तर सॉसेजऐवजी पावात सुटा भाजलेला खिमा येतो, त्यावर तीच चिली. चावायला त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी हा प्रकार बरा.

केचपचं काय? मी मागितलं. तेवढ्यापुरती टेबलावर शांतता पसरली. फ्राइजसाठी म्हटल्यावर सगळ्यांनी श्वास सोडला. कोनीवर केचप म्हणजे मिसळीवर केचप.

पिण्यासाठी व्हर्नर्स मागा. आल्याचं गोडसर पेय, डेट्रॉईटचंच, स्वतःला १८६६ सालापासूनचं म्हणवणारं. नाकात झणका येतो. आमच्या हिला सोडा-लिंबू सोडून पहिल्यांदाच दुसरं काही आवडलं. फेगो हेही इथलंच, १९०७ चं, पण ते मुलांचं पेय. नुसती साखर आणि रंग.

सहावं: खायचं कसं

लगेच. फोटो नंतर. पाव वाफवलेला असतो, वर ओलसर चिली, दोन मिनिटांत खालची बाजू भिजून फाटते. उजव्या हाताने तळातून पेलून धरायचं आणि मान पुढे काढायची, म्हणजे गळलं तरी प्लेटमध्ये गळतं. काटा घेऊन तोडून खाल्लं तरी कोणी हसत नाही, निम्मे लोक तसंच खातात. पांढरा सदरा घालून जाऊ नका. मी घातला होता.

चव सांगायची तर पहिल्यांदा आवाज येतो. आतड्याचं आवरण असलेलं सॉसेज दाताखाली 'टच्' असं फुटतं, मऊ पावामुळे तो आवाज आणखी उठून दिसतो. चिली नाव ऐकून तिखटाची अपेक्षा ठेवू नका, मराठी जिभेला ती सौम्यच लागते. राजमा-बिजमा त्यात नसतो. खिमा इतका बारीक घोटलेला की दाणा लागत नाही. मसाल्याचा वास मागून येतो, मोहरीचा आंबटपणा पुढून, आणि कच्चा कांदा सगळ्याला जागेवर ठेवतो. एकाने मन भरत नाही, दोनने भरतं, तिसरा आग्रहाचा.

मिशिगनमध्येच याचे पोटभेद आहेत. फ्लिंट शहरातल्या कोनीवरचा खिमा कोरडा, भुरभुरीत असतो, आणि तिथली माणसं डेट्रॉईटच्या कोनीला नाकं मुरडतात. पुणेरी मिसळ आणि कोल्हापुरी मिसळ यांचं जे आहे तेच. पाहुण्याने यात मत देऊ नये.

पैसे

खिशात सुट्या नोटा असू द्या. जुन्या दुकानांत रोख कधीच नाकारत नाहीत, कार्डाचं मात्र आत गेल्यावरच कळतं. बिलावर ६ टक्के विक्रीकर लागतो, आणि वर १५ ते २० टक्के टीप वेटरला. हे रुपयांत गुणून बघू नका, घशाखाली उतरणार नाही. बिल कोण देणार यावर आपल्यासारखी ओढाताण तिथेही होते. व्याह्यांनी आपल्या गावात खिशात हात घालू दिला नाही. मग मी टीपेवर अडून बसलो आणि ती जिंकली. ही तोड तुम्हीही वापरा, दोन्हीकडचा मान राहतो.

शेजारच्या दुकानात जायचं का?

जायचं. पण कुटुंबाबरोबरच्या फेरीत नाही. वेगळ्या दिवशी, एकट्याने, आणि ग्रुपवर फोटो न टाकता. डेट्रॉईटला नुसते बघायला आलेले असाल, कोणाचे पाहुणे नसाल, तर एकाच दुपारी दोन्हीकडे एकेक कोनी खा. आधी 'लाफायेट', मग 'अमेरिकन'. 'अमेरिकन'ची जागा प्रशस्त, उजेड भरपूर, लहान मुलं बरोबर असतील तर सोयीची. माझं मत विचाराल तर कोनी 'लाफायेट'चा आणि बसायला 'अमेरिकन'. हे वाक्य व्याह्यांना भाषांतर करून सांगू नका.

नंतरचा तास

पोट भरल्यावर लगेच गाडीत बसू नका. दहा मिनिटांवर १९२९ ची गार्डियन बिल्डिंग आहे, आतलं रंगीत टाइल्सचं छत मान दुखेपर्यंत बघावं. तिथून नदीकाठी उतरा. बाकं आहेत, समोर कॅनडा, व्हिसा लागत नाही तो.

आणि मोटार उद्योगाशी ज्यांचा जन्मात कधी संबंध आला असेल त्यांनी वुडवर्डवरून कला संग्रहालयात जावं. दिएगो रिव्हेराने १९३२-३३ मध्ये तिथल्या चौकाच्या चारही भिंतींवर फोर्डचा रूज कारखाना रंगवलाय. भट्टी, दाबयंत्रं, पट्टा, त्यावर वाकलेली माणसं. मी तिथे एक तास बसलो. व्याही शेजारी होते. त्यांनी एका कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं की वडील अशाच यंत्रावर होते. १९५० मध्ये या शहरात साडेअठरा लाख माणसं होती, २०२० च्या जनगणनेत साधारण ६ लाख ३९ हजार. त्यांचं स्वतःचं घर ज्या गल्लीत होतं तिथे आता गवत आहे. शाळा नाही, किराणा दुकान नाही. लहानपणचं म्हणून नातवाला दाखवण्यासारखं जे उरलंय त्यात हे कोनीचं दुकान आहे. मग ते फोटो बघून 'अरेरे' का म्हणाले, ते मला त्या बाकावर नीट कळलं.

पार्सल मात्र नेऊ नका. घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो.

डिसेंबरात व्याही-विहीण पुण्याला येताहेत. आमच्या पेठेत मिसळीची दोन दुकानं समोरासमोर आहेत. आम्ही कुठल्या बाजूचे, ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.